पाहुणी कॉईल

डिंपलला राग आला की ती आदळआपट करत नसे, तोंडाचा पट्टाही सोडत नसे. ती पाना शोधायला लागे. दहा नंबरचा पाना मुठीत धरून ती अंगणातल्या व्हॅनकडे निघाली की तिची आई मैना जाळं विणायचं थांबवून बघत राहायची आणि शेजारपाजारचे लोक उगीचच आपापल्या कामाला लागायचे. तो पाना एवढ्या वेळा बाहेर निघाला होता की त्याच्यावरचा आकडा पुसून गेला होता.

राग यायला त्या घरात कारणांची काही टंचाई नव्हती. पण सगळ्यात मोठं कारण व्हॅनच्या पोटात होतं.

बोरटोला गाव तलावाच्या पाळीला लागून. निम्मी घरं ढिवरांची. पहाटे डोंगे जातात, जाळी निघतात, आणि तांबडं फुटलं की बाया रोहू, मरळ, झिंग्यांच्या टोपल्या घेऊन डिंपलच्या बापाच्या, इस्तारीच्या, व्हॅनमध्ये चढतात. व्हॅन जंगलातून ऊर्जानगरच्या बाजाराला जाते. तिथल्या वीजकेंद्राच्या क्वार्टरांतल्या लोकांना मासोळी ताजी लागते. ऊन चढलं की तीच माणसं नाकाला रुमाल लावून पुढे जातात. आणि मधला रस्ता कसा, तर दोन्हीकडे बांबू, मोबाईलला रेंज नाही, आणि वाघांची वहिवाट माणसांपेक्षा जुनी. त्या रस्त्यावर गाडी बंद पडू नये एवढंच मागणं घेऊन बाया सकाळी देवाला हात जोडत असत.

आणि व्हॅन बंद पडायची. इंजिन म्हातारं झालं होतं, ऑईल खात होतं. ते ऑईल वर चढून प्लगवर बसायचं, प्लग काळा पडायचा, ठिणगी मरायची. प्लग काढायचा, पुसायचा नाहीतर बदलायचा, की गाडी पुन्हा चालू. साधं काम. पण साधं कसलं! इंजिन पुढच्या सीटांखाली, त्यात तीन प्लग, आणि तिसऱ्या प्लगच्या बरोबर डोक्यावर कॉईल बसवलेली. ठिणगीला वीज पुरवणारा तो डबा, त्याला लोखंडी पट्टी, पट्टीला चार नट, आणि त्यातले दोन असे की ते डोळ्यांना दिसतच नाहीत, बोटांनी चाचपून शोधावे लागतात. ज्याने कोणी ती कॉईल तिथे बसवली त्याने आयुष्यात कधी स्वतःच्या हाताने प्लग काढला नसणार, असं डिंपलचं ठाम मत होतं. त्या माणसाच्या सात पिढ्यांबद्दलही तिची काही मतं होती, ती इथे सांगण्यासारखी नाहीत.

त्या पट्टीने तिच्या बापाचा हात खाल्ला होता. चारेक वर्षांमागची गोष्ट. गाडी तापलेली, इस्तारी घाईत, हात त्या फटीत कोपरापर्यंत घातलेला. पाना सटकला आणि पट्टीची धार उजव्या हाताच्या दोन बोटांवरून गेली. डॉक्टरांनी टाके घातले, जखम भरली, पण शेवटची दोन बोटं जी ताठ झाली ती झालीच. स्टीअरिंग धरता यायचं. डोंगा वल्हवता यायचा. त्या फटीत हात घालून नट मात्र फिरवता येईना. भर जंगलात, गाडीत बाया बसलेल्या असताना, आपण नुसतं उभं राहून येणाऱ्या-जाणाऱ्याची वाट बघायची हे इस्तारीला झेपलं नाही. त्याने चावी खुंटीला अडकवली आणि तलावावर जायला लागला. ती चावी डिंपलने काढली.

तेव्हापासून व्हॅन ती चालवत होती. वरोऱ्याच्या कॉलेजात एक वर्ष काढून ती परत आली होती, आणि परत आल्यापासून गावात तिची ओळख काय, तर इस्तारीची पोरगी, शिक्षण सोडलेली, लग्न ठरत नसलेली. स्टीअरिंगवर बसली की हे सगळं मागे राहायचं. बाया तिला डायवर म्हणायच्या. बाजारातला बर्फवाला तिला नावाने हाक मारायचा. दिवसातले ते दोन-तीन तास तिचे होते आणि त्यांच्यासाठी ती कोपराची सालपटं काढून घ्यायला तयार होती. कोपरं सोललीही होती. तिसरा प्लग काढताना दरवेळी सोलायची.

होळीच्या सुमारास मात्र वाईट प्रसंग आला. नाल्यापाशी गाडी बंद पडली, डिंपलने हात आत घातला, आणि तो पट्टी नि इंजिनच्या मध्ये अडकला. नेमकी तेव्हाच बांबूतून वाघीण निघाली आणि रस्त्याच्या मधोमध येऊन बसली. मागे बायांनी काचा वर केल्या. डिंपलला हात काढता येईना, दार लावता येईना. वाघीण बराच वेळ बसली, कंटाळली, निघून गेली. झालं काहीच नाही. पण आशाबाईने, सगळ्या विकणाऱ्या बायांत ती वडीलधारी, घरी येऊन हे सांगितलं आणि इस्तारीचा चेहरा दगडासारखा झाला. दसऱ्यापासून गाडी सूरज चालवेल, असं त्याने त्याच दिवशी जाहीर केलं. सूरज म्हणजे त्याचा पुतण्या, ट्रॅक्टरवर काम करणारा, लांब हाताचा. पोरीच्या हाताने हे काम होत नाही, म्हणाला. जसं काही त्याच्या स्वतःच्या हाताने झालं होतं!

डिंपल पाना शोधायला गेली.

तिने तोड काढली ती वरोऱ्याच्या धनराजकडे. धनराज मिस्त्री तिच्या कॉलेजच्या वाटेवरचा. गॅरेज लहान, पण डोकं चालणारं. त्याने सीट उचलून बघितलं, हसला, आणि म्हणाला की एवढ्या वर्षांत ही पट्टी कोणी फेकली कशी नाही. नव्या गाड्यांत प्रत्येक प्लगच्या डोक्यावर स्वतःची छोटी कॉईल असते, लांबट, टोपीसारखी. मधे वायरी नाहीत, पट्टी नाही. एक दहा नंबरचा नट काढला की कॉईल हातात, खाली प्लग. अपघातात चेंदामेंदा झालेल्या एका गाडीचा तसला सेट त्याच्याकडे होता. जोडणी बदलावी लागली, वायरिंगही थोडं फिरवावं लागलं. काम झाल्यावर त्याने डिंपललाच तिन्ही प्लग काढून पुन्हा बसवायला लावले. तिचा चहा निवला नव्हता तोवर काम आटोपलं. कोपर शाबूत होतं. ते बघून तिला रडू यायला लागलं, आणि रडू आलं म्हणून स्वतःचाच राग आला.

घरी मात्र महाभारत. विचारलं नाही, सांगितलं नाही, बापाच्या गाडीचं पोट फाडून आणलं! इस्तारीने जुनी कॉईल तिच्या हातातून घेतली आणि जाळ्यांच्या पेटीत ठेवून दिली. नव्यांकडे त्याने बघितलंही नाही. मैनाने मधे पडून कसाबसा तह घडवला: दसऱ्यानंतरही डिंपलच चालवेल, पण गाडी जंगलात एकदा जरी बंद पडली तर चावी सूरजची. एकदा म्हणजे एकदा. डिंपलने मान्य केलं. त्या दिवसापासून इस्तारी नव्या कॉईलला ‘पाहुणी’ म्हणायला लागला. काय म्हणते तुझी पाहुणी, किती दिवस मुक्काम आहे पाहुणीचा, असं.

हा शब्द त्याने हवेतून काढला नव्हता. त्या घरात नवं जाळं विणून झालं तरी दसऱ्यापर्यंत ते पाहुणंच असायचं. तलावात टाकत, पण त्यात आलेली मासोळी घरात शिजवत नसत, विकून टाकत. दसऱ्याला घरातला मोठा माणूस नारळ फोडायचा, त्याचं पाणी जाळ्याच्या चारी कोपऱ्यांवर ओतायचा, गाठींना हळदकुंकू लावायचा. तिथून पुढे जाळं घरचं. डोंग्याचंही तसंच, मासोळी तोलायच्या काट्याचंही तसंच. इस्तारीच्या बापाने हेच केलं, त्याच्याही बापाने. बापाच्या तोंडून ‘पाहुणी’ ऐकलं की डिंपलच्या तळपायाची आग मस्तकात जायची. तिला त्याचा अर्थ पुरता कळत होता. ही वस्तू मी घरची मानत नाही, आणि ती आणणारीलाही.

पावसाळा गेला. प्लग दोनदा काळे पडले, दोनदा डिंपलने ते तलावाच्या पाळीवर उभ्या गाडीतच, निघायच्या आधी, बदलून टाकले. रस्त्यावर गाडी एकदाही थांबली नाही. आशाबाई म्हणायची की पोरीने गाडीचं नशीब बदललं. इस्तारी ऐकून न ऐकल्यासारखं करायचा.

दसऱ्याला सकाळी डिंपल आईबरोबर आपट्याची पानं आणायला गेली होती. परतली तेव्हा अंगणात बांबूवर जाळी वाळत होती, नव्या जाळ्यातून पाणी ठिबकत होतं, व्हॅनच्या बंपरला झेंडूची माळ आणि स्टीअरिंगवर कुंकवाचा टिळा होता. बाप दोन्ही हात पाठीमागे बांधून उभा. सूरज सोनं द्यायला आला होता, तोही तिथेच घुटमळत होता. डिंपलने मनाशी म्हटलं, टिळा स्टीअरिंगला, माळ बंपरला, आणि माझ्या कॉईलला काय? तिने सीट उचलून बघितलं नाही. मान वळवून घरात गेली. तिथेच चुकलं.

दुसऱ्या दिवशी बाजाराला निघाले. गाव सोडेपर्यंत गाडी नीट होती. इंजिन तापलं तसा एक हिसका बसला. मग दुसरा. नाल्याच्या अलीकडे, होळीला वाघीण बसली होती त्याच वळणाच्या तोंडाशी, व्हॅन गचके देत पुढे सरकली आणि थांबली.

 आशाबाई पुढच्या डाव्या सीटवर बसली होती, तिने काच वर केली. डिंपलने चावी फिरवली. इंजिन घरघरलं, पेटलं नाही. पुन्हा. नाही. तिच्या डोळ्यांसमोर सूरजचे ते लांब हात आले.

तिने आशाबाईला मागे पाठवलं, सीट उलटी केली, पाना लावला. पहिली कॉईल एका झटक्यात हातात आली. तिची रबरी टोपी ओली होती. प्लगच्या खड्ड्यात पाणी. पाणीही कसलं, चिकट, तांबूस. दुसरीकडे तेच. तिसरीकडे तेच, वर पिवळे कण. इंजिन तापल्यावर खड्ड्यातलं ते पाणी वाफाळून टोपीत शिरलं होतं आणि ठिणगी प्लगपर्यंत पोहोचायच्या आधीच बाजूला पळत होती. बंद कॉईलखाली पाणी आपोआप जात नाही. नट काढून, कॉईल उचलून, कोणीतरी हाताने ते ओतलं होतं.

सूरजने. दुसरं कोण? चावी कोणाला मिळणार होती? दसऱ्याला अंगणात कोण घुटमळत होतं?  तिने ओढणीचं टोक फाडलं, काडीला गुंडाळलं, तिन्ही खड्डे कोरडे केले, टोप्या पुसल्या, पिशवीतले जास्तीचे प्लग लावले. रागात हात झपाझप चालत होते. भीतीला जागाच उरली नव्हती. मधेच एसटी आली, थांबली, ड्रायव्हरने काय झालं विचारलं. तिने वर न बघता हात हलवून तिला पुढे घालवलं. मागे आशाबाईने भाकर काढली होती. ती खाऊन व्हायच्या आत व्हॅन पुन्हा चालू झाली. बायांनी काचा खाली केल्या. बाजारही गाठला, मासोळीही खपली. पण गाडी थांबली होती, आणि ते एसटीने बघितलं होतं.

ती चिंधी डिंपलने फेकली नाही. घडी करून पिशवीत ठेवली. परतीच्या वाटेवर सूरजला काय काय सुनवायचं याची तिने मनात पुरी उजळणी केली.

अंगणात व्हॅन थांबवली तर सूरज तिथेच, आंब्याला टेकून. बातमी एसटीने आधीच पोचवली होती. इस्तारी खाटेवर. त्याने डावा हात पुढे केला.

“चावी आन,” तो म्हणाला.

डिंपलने चावी दिली नाही. चिंधी काढली आणि सूरजच्या छातीवर फेकली. मग जे तोंड सुटलं ते सुटलं. असली चोरटी कामं करण्यापेक्षा समोर येऊन गाडी मागायची होती, गाडीत घरच्या बाया बसतात, आशाबाईसारखी म्हातारी बसते, तिथे वाघीण असती तर काय झालं असतं, आणि चुलत्याच्या मीठभाकरीवर वाढलेल्या माणसाने इंजिनात पाणी ओतावं? सूरजचा चेहरा उतरला. तो चिंधीकडे बघत राहिला.

“मी काऊन बिघडवीन वं गाडी?” तो म्हणाला. “मले तं चालवाचीच नाई हे गाडी. काकांनं म्हणलं म्हणून हो म्हणलो.”

डिंपलचा विश्वास बसला नाही. ती पुन्हा तोंड उघडणार तोच आशाबाईने वाकून चिंधी उचलली, नाकाशी नेली, उलटसुलट करून बघितली.

“हे तं नारळाचं पानी हाये,” ती म्हणाली. “आन कुकू. घात करनारा मानूस कुकू कायले लावन?”

 मैनाने हळूच नवऱ्याकडे बघितलं. मग सूरजने. सगळ्यात शेवटी डिंपलने. इस्तारी खाटेच्या दोऱ्यांकडे बघत होता.

“मी केलो,” तो म्हणाला.

मग एकेक गोष्ट ओढून काढावी लागली. दसऱ्याला मायलेकी पानांना गेल्यावर त्याने सीट उचलली होती. नुसतं बघायचं म्हणून. पाना तिथेच पडला होता. एवढा गाजावाजा केलेली वस्तू आहे तरी कशी, म्हणून नट फिरवून बघितला, तर तो फिरला. कॉईल वर आली. तीन बोटांनी. त्याला खरं वाटेना, म्हणून दुसरी काढली. मग तिसरी, ज्या जागेने त्याची बोटं खाल्ली होती ती. तीही आली. नव्या जाळ्यासाठी फोडलेला नारळ हातापाशी होता. त्याने उरलेलं पाणी तिन्ही खड्ड्यांत थोडं थोडं ओतलं, आत हळदकुंकू टाकलं, कॉईली बसवून नट आवळले, आणि कोणी यायच्या आत सीट खाली केली. जन्मभर पाण्यावर जगलेला माणूस. ज्याचं बरं व्हावं असं वाटतं ते ओलं करायचं, एवढंच त्याला ठाऊक होतं.

“इंजिनात पानी ओतलं तुमी, बाबा.”

“नुसतं पानी नाई. नारळाचं.”

आशाबाई तोंडाला पदर लावून वळली. डिंपलला मात्र हसू आलं नाही. उलट राग दुप्पट झाला, कारण तो आता कोणावर काढायचा हेच कळेना. सूरजला तिने उगीच झोडपलं होतं, आणि तो बिचारा अजून तिथेच उभा होता. आणि हा माणूस! महिनोन् महिने पाहुणी पाहुणी म्हणून टोचलं, एकदा मान हलवून बरं केलंस म्हणाला नाही, आणि पूजा केली ती चोरून.

“मले सांगाचं होतं,” ती म्हणाली. “तोंडानं. एक डाव.”

“सांगतलं असतं तं तुले वाटलं असतं, मी मानलो.”

“मंग मानले का नाई?”

इस्तारी उठला. “न मानता कोनी पूजा करते का?” एवढं बोलून त्याने सूरजला घरी जायला सांगितलं आणि स्वतः तलावाकडे निघून गेला. चावी डिंपलच्याच हातात राहिली. तिने सूरजच्या मागे जाऊन चुकलं म्हणून सांगितलं. त्याने मोठ्या मनाने मान हलवली. रात्री चावी खुंटीला लावताना डिंपलला वाटलं, झालं, आपण जिंकलो.

एवढ्यावर मिटलं असतं तर तो इस्तारी कसला.

सकाळी ती अंगणात आली तर खुंटी रिकामी. बाया टोपल्या घेऊन व्हॅनमध्ये बसलेल्या, बर्फाचं पाणी खाली टपकत होतं, आणि ड्रायव्हरच्या सीटवर बाप. धुतलेला सदरा, भांग पाडलेला. चार वर्षांत तो त्या सीटवर बसला नव्हता. तिला बघून त्याने काचेतून सांगितलं की आता हाताची अडचण राहिली नाही, प्लग तो स्वतःच काढू शकतो, तेव्हा सूरजलाही नको आणि तिलाही त्रास नको. हे सांगताना तो अगदी खुशीत होता. मुलीवर मोठा उपकार करतोय असं त्याला खरोखर वाटत होतं.

 पुढे वाघीण बसली असताना डिंपलला जेवढी भीती वाटली नव्हती तेवढी आता वाटली. सूरजशी भांडता आलं असतं. लांब हातांशी भांडता आलं असतं. पण हे कशाशी भांडायचं? ती जी वाट स्वतःसाठी मोकळी करून आली, त्याच वाटेने बाप परत आला होता आणि तिच्या जागेवर बसला होता. वाईट म्हणजे, त्याच्या तोंडावरचा आनंद खरा होता. तो बघून तिला बरं वाटत होतं आणि त्याच क्षणी त्या काचेवर दगड घालावासा वाटत होता.

ती पाना शोधायला गेली.

डाव्या बाजूचं दार उघडलं, सीट उलटी केली. बाप बघतच राहिला. नट, कॉईल. नट, कॉईल. नट, कॉईल. तिन्ही ओढणीत बांधल्या, गाठ मारली, आणि तलावाच्या पाळीवर जाऊन बसली. इस्तारीने चावी फिरवली. व्हॅन नुसती घरघरली. त्याने पुन्हा फिरवली. चार नटांची ती जुनी पट्टी असती तर हे करायला तिला तासभर लागला असता, आणि तोवर बाप ऊर्जानगरच्या वाटेला लागला असता.

“डिंपल, कॉईल दे,” त्याने आवाज दिला. “बाया खोळंबल्या.”

तिने वळून बघितलं नाही. आवाजही चढवला नाही.

“बाबा, तुमचा हात परत आला, मले बरं वाटलं,” ती म्हणाली. “देवाशपथ बरं वाटलं. पन मी तो माझी जागा देऊन नाई आनला.”

इस्तारी स्टीअरिंग धरून तसाच बसून राहिला. ऊन पाळीवरून अंगणात उतरायला लागलं. बर्फाचं पाणी टपकत होतं. मग आशाबाईने मागचं दार उघडलं, आपली टोपली उतरवली आणि पाळीवर डिंपलच्या शेजारी येऊन बसली. दुसरी बाई उतरली. तिच्यामागे तिसरी.  मासोळी उन्हात होती आणि तिच्यावरच त्यांचं पोट होतं, तरी बसल्या.

सगळ्यात शेवटी तो उतरला. पाळीपाशी आला, मुलीसमोर उभा राहिला आणि उजवा हात पुढे केला. तीन बोटं वाकलेली, दोन ताठ.

“आन,” तो म्हणाला. “मी बसवतो. तू चालव.”

डिंपलने त्याच्या तोंडाकडे बघितलं. मग गाठ सोडली.

त्याने आधी खांद्यावरच्या दुपट्ट्याने प्रत्येक कॉईल पुसली. मग तिची रबरी टोपी आतून पुसली, दुपट्ट्याचं टोक बोटाने आत सारून, पुन्हा पुन्हा, थेंबभरही ओल राहू नये अशी. सीटखाली वाकून पहिली बसवली, दुसरी बसवली. तिसरीचा नट दोनदा निसटला, खाली पडला, त्याने शोधून पुन्हा लावला. कोणी मदत केली नाही, कोणी घाई केली नाही. नट आवळून झाल्यावर त्याने सीट खाली केली, तिच्यावरची धूळ झटकली आणि तिच्यावरच बसला, डावीकडे, इंजिनच्या वर.

बायांनी टोपल्या चढवल्या. डिंपल स्टीअरिंगवर बसली. राग गेला नव्हता. तो एवढ्यात जाणारही नव्हता, आणि ऊर्जानगरपर्यंतच्या अख्ख्या वाटेवर बापाला तिचं ऐकून घ्यावं लागणार होतं. तिने पाना नेहमीसारखा पिशवीत ठेवला नाही. बापाच्या मांडीवर टाकला आणि चावी फिरवली.